लिनक्सवर विंडोजचे गेम चालतात, ते कोणामुळे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि ज्यांच्या घरी सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे, अजूनही ठणठणीत असलेले संगणक आहेत त्यांच्यापुढे पेच उभा राहिला, कारण विंडोज ११ हे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. अशा संगणकावर लिनक्स घालता येते हे आता पुष्कळांना ठाऊक असते. ब्राउझर, पत्रव्यवहार, हिशेबाची पाने, फोटो ही सगळी कामे तिथे नीट होतात हेही पटते. गाडी अडते ती एकाच ठिकाणी: गेमचे काय?

मी बरीच वर्षे फक्त लिनक्स वापरतो आणि गेमही खेळतो, त्यामुळे ओळखीतली तरुण मंडळी हा प्रश्न मला हमखास विचारतात. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम आज लिनक्सवर चालतात, आणि त्यांतले कितीतरी कसलीही खटपट न करता चालतात, हे उत्तर ऐकून ती खूश होतात आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कार्यक्रमात नेमकी कुठे खूण करायची तेवढे विचारून घेतात. ती खूण कुठे करायची ते मी खाली सांगणारच आहे. पण त्या एका खुणेमागे तीस वर्षांहून जास्त काळ, बऱ्याच अंशी कुणी सांगितले नसताना आणि सुरुवातीची कित्येक वर्षे कसल्याही मोबदल्याशिवाय झालेले काम आहे. ते काम काय आहे हे समजले, तर कोणता गेम चालेल, कोणता चालणार नाही आणि का, याचा अंदाजही आपोआप येऊ लागतो. म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. लिनक्सवर विंडोजचे कार्यक्रम चालवणारे वाइन आणि त्यावर उभे असलेले, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह या कंपनीचे प्रोटॉन हे विंडोजची नक्कल करणारे आभासी यंत्र नव्हे. विंडोजच्या गेमची ईएक्सई फाइल उघडून पाहिली, तर तिच्यातल्या सूचना त्याच एक्स-८६ प्रोसेसरसाठी लिहिलेल्या असतात, जो प्रोसेसर तुमच्या लिनक्सच्या संगणकातही बसलेला आहे. बेरीज-वजाबाकी, तुलना, स्मृतीतून वाचणे-लिहिणे या गोष्टी प्रोसेसर थेट करतो, तिथे भाषांतराची गरजच नसते. गरज लागते ती गेम बाहेरच्या जगाकडे काही मागतो तेव्हा. फाइल उघडून दे, खिडकी दाखव, माउस कुठे आहे सांग, हा त्रिकोण पडद्यावर काढ, अशा मागण्या गेम विंडोजच्या डीएलएल फायलींकडे, म्हणजे अनेक कार्यक्रमांना लागणाऱ्या तयार कोडच्या फायलींकडे, करत असतो. वाइन त्याच नावांच्या डीएलएल स्वतः पुरवते. तहसील कचेरीत खिडकीवरची पाटी तीच राहावी, अर्जाचा नमुनाही तोच राहावा, पण आत बसलेला कारकून बदललेला असावा आणि त्याने तोच दाखला वेगळ्या दप्तरातून काढून द्यावा, तसे हे काम चालते. कर्नेल३२, यूझर३२, एनटीडीएलएल या नावांमागे मायक्रोसॉफ्टचा कोड नसून वाइनच्या लोकांनी पहिल्या ओळीपासून लिहिलेला कोड असतो, आणि वाइनसर्व्हर नावाची एक प्रक्रिया मागे उभी राहून विंडोजचे कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, जो समाईक हिशेब ठेवते तो ठेवत असते.

ऐकायला हे सोपे वाटते. अवघड भाग असा की खिडकीवर मिळणारा दाखला नुसता बरोबर असून भागत नाही, तो हुबेहूब तसाच असावा लागतो. मायक्रोसॉफ्टने आपल्या फंक्शनांची कागदपत्रे प्रसिद्ध केलेली आहेत, पण कागदावर नसलेले वर्तन पुष्कळ असते. चुकीची माहिती दिली तर नेमका कोणता त्रुटी-क्रमांक परत येतो, खिडकी लहान केल्यावर कोणता संदेश आधी येतो आणि कोणता नंतर, एखादी जुनी चूक आवृत्त्यांमागून आवृत्त्या तशीच कशी राहिली आहे, अशा गोष्टींवर गेम लिहिणारे नकळत विसंबलेले असतात. वाइनच्या लोकांना मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड पाहण्याची मुभा नाही. ज्याने तो पाहिला आहे त्याचे योगदानही प्रकल्प स्वीकारत नाही, कारण उद्या कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. मग उरतो तो बाहेरून प्रयोग करून पाहण्याचा मार्ग. वाइनचे लोक छोट्या छोट्या चाचण्या लिहितात, त्या खऱ्या विंडोजवर चालवून काय उत्तर येते ते नोंदवतात आणि मग तेच उत्तर वाइनकडून येईपर्यंत काम करतात. अशा चाचण्यांचा मोठा साठा वाइनच्या कोडमध्येच आहे, आणि माझ्या मते त्या प्रकल्पाचे खरे भांडवल तेच आहे.

'हुबेहूब' म्हणजे किती, याचे मला आठवणारे सर्वांत बोलके उदाहरण 'एज ऑफ एम्पायर्स २' च्या २०१९ च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीचे आहे. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून मूळ गेम खेळलेली माझी पिढी या नव्या आवृत्तीवर तुटून पडली. प्रोटॉनवर तो एकट्याने खेळताना व्यवस्थित चालायचा, पण चौघे मिळून खेळायला बसले की काही वेळाने सामना तुटायचा आणि खेळाडूंचा ताळमेळ बिघडल्याचा संदेश यायचा. अशा गेममध्ये शेकडो सैनिकांची स्थिती इंटरनेटवरून पाठवली जात नाही, पाठवल्या जातात त्या फक्त खेळाडूंच्या आज्ञा, आणि प्रत्येक संगणक त्या आज्ञांवरून संपूर्ण लढाई आपल्या आपण मोजत राहतो. म्हणून सगळ्या संगणकांवरचे गणित शेवटच्या अंकापर्यंत एकसारखे यावे लागते. वाइनच्या यूसीआरटीबेस या डीएलएलमधली गणिती फंक्शने चुकीची नव्हती, पण दशांश चिन्हानंतर फार पुढे कुठेतरी त्यांचे उत्तर मायक्रोसॉफ्टच्या उत्तरापेक्षा केसभर वेगळे यायचे. तेवढ्या फरकाने एखादा घोडेस्वार एका संगणकावर किंचित इकडे आणि दुसऱ्यावर किंचित तिकडे पोहोचतो, आणि तिथून दोन वेगवेगळ्या लढाया सुरू होतात. मायक्रोसॉफ्टची मूळ यूसीआरटीबेस फाइल वाइनच्या फाइलीच्या जागी आणून ठेवली की सामने टिकतात, हे शोधून काढले ते खेळाडूंनीच, एकमेकांना सांगत. ते वाचून वाइनच्या कामाचा खरा आवाका मला पहिल्यांदा कळला.

या कामाची सुरुवात १९९३ मधली. बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी ते हाती घेतले तेव्हा उद्दिष्ट विंडोज ३.१ चे १६ बिटी कार्यक्रम लिनक्सवर चालवण्याचे होते. १९९४ मध्ये सूत्रे अलेक्झांद्र ज्युलियार यांच्याकडे आली आणि आजही ती त्यांच्याकडेच आहेत. १.० ही आवृत्ती बाहेर पडायला जून २००८ उजाडला. सुरू झाल्यापासून १५ वर्षे ज्याला लोक 'अजून कच्चे आहे' म्हणत राहिले, त्या कामावर रोज बसणे मला फार मोठी गोष्ट वाटते.

मधल्या काळातला एक निर्णय तर आजच्या साऱ्या डोलाऱ्याचा पाया आहे. सुरुवातीला वाइनचा परवाना इतका मोकळा होता की कोणतीही कंपनी कोड घेऊन, त्यात भर घालून, ती भर स्वतःजवळ ठेवून विकू शकत होती. ट्रान्सगेमिंग या कंपनीने तसेच केले. तिचे वाइनएक्स, जे पुढे सिडेगा म्हणून ओळखले गेले, डायरेक्टथ्रीडीच्या बाबतीत मूळ वाइनच्या पुढे होते, पण त्यातले बरेच काम मूळ प्रकल्पात परत आले नाही. मार्च २००२ मध्ये वाइनने एलजीपीएल परवाना स्वीकारला, म्हणजे वाइनमध्ये सुधारणा करून ती वाटायची असेल तर सुधारणेचा कोडही खुला करणे बंधनकारक झाले. त्या वेळी यावर कडाक्याचे वाद झाले होते. आज सिडेगा उरलेले नाही, आणि व्हॉल्व्ह जे पैसे वाइनवर खर्च करते त्याचे फळ स्टीम कधीही न वापरणाऱ्यालाही मिळते. तो निर्णय योग्य होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

गेमच्या बाबतीत खरी अडचण चित्रांची होती. विंडोजचे गेम डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाशी बोलतात. वाइनमध्ये त्याचे रूपांतर ओपनजीएल या ग्राफिक्सच्या दुसऱ्या भाषेत व्हायचे. डायरेक्टथ्रीडी ९ पर्यंत ते बऱ्यापैकी निभावले, पण ११ ला ते पेलेना, कारण दोघांची विचार करण्याची रीतच वेगळी आहे. ओपनजीएलचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड हाताळणारा कार्यक्रम, पडद्याआड खूप गोष्टी स्वतः ठरवतो आणि एका वेळी अनेक धाग्यांतून, म्हणजे कार्यक्रमाच्या समांतर चालणाऱ्या कामांतून, काम घेणे त्याला जमत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत व्हल्कन हे त्याच कामाचे नवे माध्यम आले आणि चित्र पालटले. व्हल्कन ड्रायव्हरला कमीत कमी ठरवू देते आणि कार्यक्रमाच्या हाती जवळजवळ सगळे सोपवते. माणसाने थेट लिहायला ते किचकट आहे, पण दुसऱ्या एखाद्या भाषेतून यंत्राकडून रूपांतर करून घ्यायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

फिलिप रेबोले या जर्मन तरुणाला 'निअर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. तो डायरेक्टथ्रीडी ११ वर चालणारा. रेबोले यांनी २०१७ च्या अखेरीस डायरेक्टथ्रीडी ११ चे थेट व्हल्कनमध्ये रूपांतर करणारी डीएलएल लिहायला घेतली आणि तिचे नाव डीएक्सव्हीके ठेवले. गेम डी३डी११ नावाची डीएलएल मागतो आणि त्याला त्या नावाने रेबोले यांची डीएलएल मिळते. गेमबरोबर आलेले शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे कार्यक्रम, मायक्रोसॉफ्टच्या बायटकोडमध्ये असतात. डीएक्सव्हीके ते व्हल्कनला समजणाऱ्या स्पर-व्ही या रूपात बदलते. काही महिन्यांतच जे गेम ओपनजीएलच्या वाटेने रखडत चालत, ते खेळण्याजोगे झाले. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने रेबोले यांना या कामासाठी पैसे द्यायला सुरुवात केली.

सुरुवातीच्या डीएक्सव्हीकेचा एक त्रास मला चांगला आठवतो. नवीन खोलीत शिरले, नवीन शत्रू दिसला, पहिला स्फोट झाला, की गेम क्षणभर अडखळायचा, कारण त्या दृश्याला लागणारे शेडर नेमके त्याच क्षणी ड्रायव्हरकडून तयार करून घ्यावे लागत. त्याच खोलीत दुसऱ्यांदा गेलात तर काही जाणवायचे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० ने व्हल्कनच्या एका नव्या सोयीचा उपयोग करून शेडरचे तुकडे आधीच तयार ठेवायला सुरुवात केली आणि ज्या ड्रायव्हरांत ती सोय आहे तिथे हे अडखळणे जवळजवळ नाहीसे झाले. स्टीमवर गेम सुरू होण्याआधी कधी कधी 'व्हल्कन शेडरांवर प्रक्रिया चालू आहे' असा संदेश येतो आणि पुष्कळ जण कंटाळून तो टप्पा वगळतात. जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या मंडळींना माझा सल्ला आहे की चहा होईपर्यंत थांबावे, पुढचा तासभर सुखाचा जातो.

डायरेक्टथ्रीडी १२ साठी व्हीकेडी३डी हा निराळा प्रकल्प आहे. त्याची मुहूर्तमेढ रोवणारे युझेफ कुचा हे पोलंडचे तरुण अभियंते होते. ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३० व्या वर्षी, ते गेले. जानेवारी २०२० मध्ये आलेली वाइन ५.० ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. प्रोटॉनमध्ये वापरली जाणारी व्हीकेडी३डीची शाखा पुढे हान्स-क्रिस्टियन आर्न्ट्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढवली.

व्हॉल्व्ह या सगळ्यात का पडली, हे थोडक्यात सांगतो. २०१२ मध्ये विंडोज ८ येऊ घातले होते आणि त्यासोबत मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान. व्हॉल्व्हचे गेब न्यूएल यांनी विंडोज ८ ला उघडपणे आपत्ती म्हटले. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आले. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे संगणक बाजारात आले आणि ते चालले नाहीत, कारण लिनक्ससाठी गेम मुद्दाम बनवा असे कंपन्यांना कितीही सांगितले तरी गिऱ्हाईक नसलेल्या बाजारासाठी कुणी माल बनवत नाही. मग व्हॉल्व्हने दिशा बदलली. गेम बनवणाऱ्याने काहीच करू नये, त्याचा विंडोजचा गेम आहे तसाच चालावा, या विचाराने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर भाग एकत्र बांधून २१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रोटॉन जाहीर झाले. पहिल्या दिवशी तपासून पास केलेल्या गेमांची यादी २७ ची होती, आणि 'निअर: ऑटोमाटा' त्या यादीत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आले. त्यात विंडोज नाही, आर्च या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेले लिनक्स आहे, आणि ते विकत घेणाऱ्या अनेकांना आपण लिनक्स वापरतो आहोत याची जाणीवही नसते.

माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या गेमांसाठी लिनक्सचे कर्नल बदलले. २०१९ मध्ये आलेल्या ५.२ कर्नलपासून ईएक्स्ट४ फाइल व्यवस्थेत, हव्या त्या फोल्डरात मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांतला भेद न मानण्याची सोय आली; विंडोजवर हा भेद मानला जात नाही, पण लिनक्सवर एरवी कटाक्षाने मानला जातो. काही गेमांतली चोरी-प्रतिबंधक यंत्रणा डीएलएलना वळसा घालून थेट विंडोजच्या कर्नलला हाक मारते, आणि ती हाक लिनक्सच्या कर्नलला निरर्थक वाटते. ती अडवून वाइनकडे वळवण्याची सोय २०२१ च्या ५.११ कर्नलमध्ये आली. विंडोजमध्ये एक धागा एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट पाहत थांबू शकतो, आणि आजचे गेम सेकंदाला असंख्य वेळा तसे करतात. वाइनमध्ये प्रत्येक वेळी वाइनसर्व्हरला विचारून यावे लागे. एलिझाबेथ फिगुरा यांनी आधी ईसिंक, मग एफसिंक अशा पायऱ्यांनी हा फेरा कमी केला. त्याच मार्गावर २०२२ मध्ये ५.१६ कर्नलमध्ये अनेक फ्युटेक्सांची, म्हणजे धाग्यांना थांबवण्या-उठवण्याच्या खुणांची, एकत्र वाट पाहण्याची सोय आली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ६.१४ कर्नलबरोबर फिगुरा यांचा एनटीसिंक हा ड्रायव्हर पूर्ण रूपात दाखल झाला. तो विंडोज एनटीच्या थांबण्याच्या पद्धती जशाच्या तशा लिनक्सच्या कर्नलमध्येच पुरवतो. ज्या कर्नलवर जगातले बहुतेक सर्व्हर चालतात त्याने गेम खेळणाऱ्यांसाठी एवढी जागा करून दिली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता प्रत्यक्ष वापराकडे येतो. लिनक्सवर स्टीम बसवावे. जुन्या आवृत्त्यांत सेटिंग्जमध्ये कम्पॅटिबिलिटी या विभागात जाऊन इतर सर्व गेमांसाठी स्टीम प्ले चालू करण्याची खूण करावी लागे. नव्या आवृत्त्यांत ही सोय आधीच चालू असते. त्यानंतर गेम उतरवून सुरू करायचा, एवढेच. एपिक किंवा जीओजी या दुकानांतून घेतलेल्या गेमांसाठी हिरोइक हा कार्यक्रम सोयीचा आहे, तर जुन्या सीडीवरच्या गेमांसाठी लुट्रिस. जुन्या गेमांच्या बाबतीत वाइन कधी कधी विंडोजहून सरस ठरते. १९९० च्या दशकातल्या अनेक गेमांचा इन्स्टॉलर १६ बिटी असतो, आणि ६४ बिटी विंडोज तो चालवायला साफ नकार देते. वाइनवर असे इन्स्टॉलर चालू शकतात.

प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन स्वतंत्र प्रिफिक्स तयार करते, म्हणजे त्या एका गेमपुरते छोटेसे विंडोजचे घर. स्टीमच्या फोल्डरात कॉम्पॅटडेटा या फोल्डरात गेमच्या क्रमांकाने ते सापडते. त्यात सी ड्राइव्ह असतो, त्यात यूझर्स असतो आणि त्यात स्टीमयूझर नावाचा एकमेव रहिवासी. ज्या गेमांच्या सेव्ह फायली स्टीम क्लाउडवर जात नाहीत, त्यांच्या सेव्ह बहुधा या रहिवाशाच्या डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटा फोल्डरात असतात, तेव्हा संगणक पुसण्यापूर्वी तिथे एकदा पाहावे. आणखी एक कळकळीची सूचना अशी की विंडोजच्या जुन्या एनटीएफएस पार्टिशनवरचे गेम तिथूनच लिनक्सवर चालवू नयेत. प्रिफिक्समध्ये वाइन 'सी:' अशा नावांचे दुवे तयार करते, आणि एनटीएफएसवर अशी नावे गोंधळ माजवतात. जागा करून गेम ईएक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल व्यवस्थांवर हलवावेत.

एक प्रसंग मात्र अनेकांवर येतो. गेम सुरू होतो, मेन्यू दिसतो, नवा खेळ सुरू केला की कथेचा पहिला व्हिडिओ लागतो, आणि पडद्यावर व्हिडिओऐवजी दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू होण्याआधी दिसत तशा रंगीत उभ्या पट्ट्या उमटतात. घाबरून लोक गेम काढून टाकतात, पण हा बिघाड नव्हे. गेममधले व्हिडिओ एच.२६४ किंवा विंडोज मीडियासारख्या स्वरूपात असतात, आणि ते वाचणाऱ्या कोडेकांवर पेटंटे असल्याने व्हॉल्व्ह ते सरसकट प्रोटॉनबरोबर वाटू शकत नाही. त्याऐवजी व्हॉल्व्ह व्हिडिओंची मुक्त स्वरूपातली रूपे तयार करून शेडरांच्या साठ्याबरोबर खेळाडूंकडे पाठवते. तुमच्या गेमच्या व्हिडिओचे तसे रूप अजून तयार नसेल, किंवा तुम्ही शेडर आधी उतरवण्याची सोय बंद केली असेल, तर जागा भरण्यासाठी प्रोटॉन या पट्ट्या दाखवते. उपाय दोन आहेत: ती सोय पुन्हा चालू करणे, किंवा थॉमस क्रायडर तयार करतात ते जीई-प्रोटॉन घेणे. त्यात जास्तीची कोडेके आणि विशिष्ट गेमांसाठीच्या दुरुस्त्या असतात. प्रोटॉनअप-क्यूटी या छोट्या कार्यक्रमाने ते सहज बसवता येते, आणि मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली त्याची निवड करायची.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला आणि संगणकावर २०२० मध्ये आलेला 'राजी' मी असाच प्रोटॉनवर खेळलो. आपल्या गावातल्या छोट्या चमूने लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी अशी अपेक्षा मी कधीच ठेवणार नाही. त्या चमूला त्यासाठी एक रुपया खर्च न करता लिनक्सवरचा खेळाडू मिळतो, ही प्रोटॉनची मला सर्वांत आवडणारी बाजू आहे. लिनक्सचे काही जुने समर्थक अजूनही म्हणतात की विंडोजचे गेम चालवणे म्हणजे हार मानणे होय, खरे गेम लिनक्ससाठीच लिहिले गेले पाहिजेत. मी या मताचा आदर करतो, पण अनुभव वेगळा आहे. दहा वर्षांपूर्वी लिनक्ससाठी म्हणून विकले गेलेले माझ्याकडचे काही गेम आजच्या डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या तयार संचावर, सुरूच होत नाहीत, कारण त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या जुन्या आवृत्त्या आता सापडत नाहीत आणि ते दुरुस्त करायला मूळ कंपनीकडे कुणी उरलेले नाही. त्याच गेमांच्या विंडोज आवृत्त्या प्रोटॉनवर निमूट चालतात. विंडोजची जुनी बोलणी जपण्याची जबाबदारी वाइनने घेतल्यामुळे लिनक्सवर दीर्घकाळ टिकणारे गेमचे रूप आज विंडोजची ईएक्सई फाइल हेच आहे.

आता जिथे हे सगळे थांबते त्याविषयी. अनेकांनी मिळून खेळायच्या स्पर्धात्मक गेममध्ये फसवणूक रोखणारी यंत्रणा असते, आणि तिथे प्रश्न तंत्राचा कमी आणि इच्छेचा जास्त आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही मोठ्या यंत्रणांनी प्रोटॉनसाठी दार उघडले, पण ते प्रत्येक गेमच्या कंपनीने स्वतःहून चालू करावे लागते. काहींनी केले, पुष्कळांनी केले नाही. 'एपेक्स लेजेंड्स' लिनक्सवर काही काळ चांगला चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या कंपनीने फसवणुकीचे कारण देऊन लिनक्सवरून प्रवेश बंद केला. सप्टेंबर २०२४ मध्ये 'जीटीए ऑनलाइन'मध्ये बॅटलआय आले आणि लिनक्सची परवानगी दिली गेली नाही. 'व्हॅलोरंट'ची व्हॅनगार्ड यंत्रणा तर विंडोजच्या कर्नलमध्ये बसून काम करते, आणि वाइनकडे द्यायला विंडोजचे कर्नल नाहीच. फसवणूक करणाऱ्यांनी खेळाचा विचका होतो हे मला मान्य आहे, आणि लिनक्सवर कर्नल वापरणाऱ्याच्या ताब्यात असते हेही खरे आहे. पण माझ्या संगणकाच्या कर्नलमध्ये दुसऱ्या कंपनीचा कायमचा पहारेकरी बसवणे ही मी खेळासाठी मोजायला तयार असलेली किंमत नाही. ज्यांचे मित्र रोज रात्री 'व्हॅलोरंट'वर जमतात त्यांना मी लिनक्सवर या असे सांगत नाही. त्यांनी विंडोज ठेवावे, किंवा दोन्ही शेजारी शेजारी ठेवावेत. घरी एनव्हिडियाचे कार्ड असणाऱ्यांनी एवढेही लक्षात घ्यावे की डायरेक्टथ्रीडी १२ चे काही गेम त्यावर विंडोजपेक्षा मंद चालतात. एएमडीच्या कार्डांवर, जिथे ड्रायव्हर खुला आहे आणि व्हॉल्व्हचे लोक त्यावर स्वतः काम करतात, हा फरक सहसा जाणवत नाही.

गेम घेण्यापूर्वी प्रोटॉनडीबी हे संकेतस्थळ पाहण्याची सवय लावून घ्यावी. तिथे खेळाडू आपापला अनुभव नोंदवतात आणि त्यावरून गेमला प्लॅटिनमपासून खाली श्रेणी मिळते. श्रेणीपेक्षा अलीकडच्या नोंदी वाचाव्यात, विशेषतः आपल्यासारखे कार्ड असलेल्यांच्या, कारण तीन वर्षांपूर्वीची रडकथा आज लागू असेलच असे नाही. आणि गेम चालला किंवा अडला, तर स्वतःही नोंद करावी. नुसते 'चालत नाही' असे लिहून कुणाचाच फायदा होत नाही. कोणते कार्ड, कोणता ड्रायव्हर, कोणते कर्नल, प्रोटॉनची कोणती आवृत्ती आणि नेमके कुठे अडले, हे पाच तपशील द्यावेत. गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉनचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, चालू करण्याची ओळ लिहिली की तुमच्या होम फोल्डरात गेमच्या क्रमांकासह लॉगची फाइल तयार होते. प्रोटॉनचा कोड आणि तक्रारी जिथे असतात त्या गिटहबच्या पानावर त्या गेमच्या नावाने आधीच तक्रार उघडलेली असेल तर तिथेच ती जोडावी, नवी उघडू नये. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. लॉग नीट असला की तिथली माणसे वाचतात, आणि पुष्कळदा दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येते.